गाडीचं पोट, यजमानाचं मीटर



आज थोडं कडू बोलणार आहे. दिवाळीत आणि मे महिन्यात आमच्या राहूला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आणि त्यांच्यात आता विजेवरच्या गाड्या वाढल्यात. गाडी चांगली आहे. धूर नाही, आवाज नाही. माझं भांडण गाडीशी नाही, तिच्या वायरीशी आहे. दारात गाडी लागली की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी प्रश्न येतो, "प्लग कुठंय हो?" "लावू का?" असं विचारणारे फार थोडे. माझं म्हणणं सरळ आहे: गाडीत भरलेली वीज हे इंधन आहे, पाहुणचार नाही. ती विचारून घ्यावी आणि तिचे पैसे द्यावेत.

पेट्रोलची गाडी घेऊन आलेल्या जावयाने सासऱ्याला कधी "टाकी भरून द्या" म्हटलंय का? मग वीज दिसत नाही म्हणून ती फुकट कशी झाली?

हिशेब घालू या. लहान गाडीच्या बॅटरीत साधारण तीस युनिट मावतात. चार दिवसांच्या मुक्कामात दोनदा भरली की साठ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी सहाशे रुपये. गावातल्या बेताच्या घराचं महिन्याचं बिल शंभर युनिटच्या आत ठेवायला बाई पंखा आणि दिवे मोजून लावत असते, कारण शंभराच्या पुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो. पाहुणे गेल्यावर बिल येतं आणि "एवढं कसं आलं?" हा प्रश्न तिलाच विचारला जातो. नणदेच्या गाडीला नाही म्हणायची भावजयीची काय टाप! म्हणूनच विचारण्याची जबाबदारी येणाऱ्याची आहे, नाकारण्याची तिची नाही.

आपण सूर्यास्ताआधी जेवण उरकतो आणि गाडीचं जेवण मात्र रात्री दहाला सुरू होऊन सकाळपर्यंत चालतं. साध्या चार्जरचा भार तीन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे चार हॉर्सपॉवरची मोटर रात्रभर चालावी तसा. जुन्या घरात खिडकीतून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड एवढा भार तासन् तास सोसत नाही. अर्थिंग धड नसलं तर आणखी धोका. घर पेटलं तर "आम्हाला काय माहीत" म्हणून भागणार नाही.

आता सगळ्यात वाईट सल्ला. घरातलाच कुणी पुरुष म्हणतो, "मळ्यातल्या मोटरीच्या लाइनला लावा, तिथलं बिल येत नाही." साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत वीज मोफत आहे, हे खरं. पण ती उसाला पाणी देण्यासाठी आहे आणि तिचे पैसे सरकार भरतं, म्हणजे आपण सगळे. घरच्या मीटरवर आपली गाडी चार्ज करायला केंद्र सरकारची परवानगी आहे, शेतीपंपाच्या जोडणीवर नाही. ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. आणि ती होते ज्याच्या नावावर जोडणी आहे त्या शेतकऱ्यावर. पाहुणा तोवर हडपसरला पोचलेला असतो. जास्तीच्या भाराने डीपी जळाली, तर सगळ्या आळीचा ऊस वाळतो.

दंड सोडा. जे दिलेलं नाही ते घेणं याला आपण अदत्तादान म्हणतो आणि रोज प्रतिक्रमणात त्याची आलोयणा करतो. मग ते अणुव्रत काय फक्त दुकानातल्या तराजूपुरतं आहे? तीर्थयात्रेलाही हेच. मंदिराच्या बोर्डात वायर खोचणाऱ्यांनी देवद्रव्य हा शब्द एकदा आठवावा. धर्मशाळेत भोजनशाळेची पावती फाडतो, तशी गाडीचीही पावती मागावी आणि विश्वस्तांनीही ती ठेवावी.

"पाहुण्याकडून पैसे घेताना लाज वाटते" असं काही जणी म्हणतील. लाज घेणारीला वाटते, म्हणून देणाऱ्याने मागायची वेळ येऊ देऊ नये. "वाटेत चार्जर मिळत नाही" हे दुसरं कारण. महामार्गावर ठरावीक अंतरावर चार्जिंगची सोय असावी असं केंद्राचं मार्गदर्शक धोरण आहे. सगळीकडे ती झालेली नाही, मान्य. पण पुण्याहून राहू पन्नास-साठ किलोमीटर. घरून भरून निघालेली गाडी जाऊन परत येते, इथे वायर काढायची गरजच पडत नाही. लांबून येणाऱ्यांनी पुणे-सोलापूर महामार्गावर चहाला थांबतो तेव्हाच गाडी भरावी. आणि खरंच कुणी अडकलं, तर आपलं दार उघडंच आहे. अडलेल्याला कोण नाही म्हणतं?

तेव्हा या सुट्टीत निघण्याआधी फोन करा आणि विचारा. घरच्या मीटरवर, भिंतीतल्या जाड पॉइंटलाच लावा. गाडी किती युनिट भरली ते बघून तेवढे पैसे तिथल्या गृहिणीच्या हातात द्या, पाकिटात नको आणि मुलांच्या खाऊच्या नावाखालीही नको. सरळ म्हणा, "वहिनी, हे विजेचे." तिला बरं वाटेल, आणि पुढच्या वेळी गाडी दारात लागली की तिच्या पोटात गोळा येणार नाही.