मल्लसभेचा धर्म

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात कंसाच्या आखाड्याचे आख्यान लागले की श्रोते चाणूराच्या पतनाकडे डोळे लावून बसतात. परंतु श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात त्याआधीचा एक संवाद आहे, तो आज अधिक मननीय वाटतो. चाणूराने आव्हान दिले तेव्हा भगवंत म्हणाले की, आम्ही बालक आहोत. आमची लढत समबलांशीच व्हावी, म्हणजे मल्लसभेतील सभासदांना अधर्माचा स्पर्श होणार नाही. चाणूराने ते मानले नाही. कुवलयापीड हत्तीला मारणारा तू बालक कसला, असा त्याचा प्रश्न. पुढे ती विषम जोड पाहून मथुरेच्या स्त्रिया हळहळल्या आणि अधर्म चालतो त्या सभेत थांबू नये, असे आपसांत बोलू लागल्या. अन्याय्य जोडीचा दोष ती लावणाऱ्यांना व मुकाट्याने पाहणाऱ्यांनाही लागतो, हे येथील मर्म होय.

हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. 12व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोद वर्णिताना वय, देहमान आणि बळ यांवरून मल्लांचे प्रकार सांगितले. आजच्या कुमार कुस्ती स्पर्धेत हेच काम वजनकाटा आणि जन्मदाखला करतात.

ही कामे क्षुल्लक नव्हेत. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगट केवळ 100 ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरली. 2025 मध्ये बनावट जन्मदाखल्यांच्या कारणावरून भारतीय कुस्ती महासंघाने काही मल्लांना निलंबित केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचाच्या निर्णयाने संतापलेल्या शिवराज राक्षे याने पंचाला लाथ मारली. त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय योग्य की अयोग्य, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. कोणत्याही निर्णयाने त्या लाथेचे समर्थन होत नाही. परंतु पंचावरील विश्वास उडाला की आखाड्याचा रणांगण होण्यास वेळ लागत नाही, हेही तितकेच खरे.

हा विश्वास मोठ्या स्पर्धेत एकाएकी निर्माण होत नाही. तो गावच्या फडात, नारळावरच्या कुस्तीपासून रुजवावा लागतो. पाटोद्याचा राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदकाचा आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाचा मानकरी ठरला. असे मल्ल आपल्या जिल्ह्याच्या मातीतून निघतात. मात्र याच जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. आई-बाप फडावर, मुलगा आजीपाशी. त्याचा दाखला शोधायचा कोणी, वजनाच्या वेळी त्याच्यामागे उभे राहायचे कोणी? दांडग्या मुलाशी त्याची जोड लावली, तर त्याच्या बाजूने बोलणारे मैदानात कोणीच नसते.

म्हणून भाविक वाचकहो, गावात कुमारांची स्पर्धा भरेल तेव्हा वर्गणी देऊन कर्तव्य संपले असे मानू नये. शिक्षकांनी दाखले तपासावेत आणि नोंदवही ठेवावी. डॉक्टरांनी वजनाच्या वेळीच त्वचारोग व जुन्या दुखापती पाहाव्यात आणि शेवटच्या कुस्तीपर्यंत आखाड्यापाशी थांबावे. तरुणांनी घड्याळ, गुणफलक आणि पाणी सांभाळावे. वजनकाटा आदल्या दिवशी प्रमाणित वजनांशी ताडून घ्यावा. वजन सर्वांच्या देखत मोठ्याने वाचावे. ज्याचा मुलगा वा पुतण्या लढत असेल, त्याने त्या कुस्तीपुरते पंचाच्या जागेवर बसू नये. ज्यांना नियमांची गोडी आहे, त्यांनी पंचाचे रीतसर शिक्षण घ्यावे. केवळ वय व मान पाहून हाती शिट्टी देण्याची प्रथा आता सोडली पाहिजे.

या सेवेला फेटा नाही, हलगी नाही. परंतु हरलेला मुलगा, ‘माझी जोड बरोबर लागली होती’ असे समाधान घेऊन घरी गेला, तर तो उद्या पुन्हा तालमीत येईल. मथुरेच्या मल्लसभेला जे साधले नाही, ते आपल्या गावच्या सभेने साधावे. गोपाळकाल्याइतकाच तोही श्रीकृष्णाला प्रिय असा प्रसाद ठरेल.