ईश्वर न मानणारा शीख

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ पट्टीश्वरम् येथे धेनुपुरीश्वराचे प्राचीन शिवमंदिर आहे. त्याचा कारभार ज्या 1959 च्या हिंदू धर्मादाय कायद्याखाली चालतो, त्यात विश्वस्ताच्या अंगी कोणते गुण असावेत हे सांगताना पहिलीच अट अशी की, त्याची ईश्वरावर श्रद्धा असावी. पेरियारांच्या प्रदेशातील कायद्यात हे कलम असावे, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. परंतु त्याच मोजपट्टीने पंजाबातील कायदा तपासला तर वेगळेच आढळते.

अकाली सत्याग्रहींनी महंतांच्या व इंग्रज सरकारच्या तावडीतून गुरुद्वारे सोडविली आणि त्या लढ्यातून 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा आला. एखादी व्यक्ती शीख आहे की नाही याबद्दल वाद उत्पन्न झाल्यास तिने कोणती प्रतिज्ञा करावी, हे त्या कायद्याने सांगितले. मी शीख आहे, गुरु ग्रंथसाहेबावर व दहा गुरूंवर माझा विश्वास आहे, माझा अन्य कोणताही धर्म नाही, एवढीच ती प्रतिज्ञा. तीत ईश्वराचा उल्लेख नाही. उलट शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने पुढे सिद्ध केलेल्या रहित मर्यादेत शिखाची व्याख्या एका अकाल पुरुषावरील श्रद्धेपासूनच सुरू होते. म्हणजे धर्मशास्त्र एक सांगते आणि मतदारयादी दुसरे.

येथे कम्युनिस्टांनी प्रामाणिक राहिले पाहिजे. ग्रंथसाहेबाचा आरंभच एकमेवाद्वितीय परमतत्त्वाच्या उद्घोषाने होतो. ज्यांची 61 पदे त्यात आहेत ते आपले नामदेवही ईश्वरभक्तच होते. नानकांना निरीश्वरवादी ठरविण्याचा खटाटोप काही उत्साही मित्र करतात. तो इतिहासाला धरून नाही, आणि त्याची गरजही नाही. शीख धर्मतत्त्वाच्या मुळाशी ईश्वर आहे हे निर्विवाद. परंतु शीख हा केवळ एका सिद्धान्ताला मान्यता देणारा मनुष्य नव्हे. जातिभेद मोडून एका पंगतीत जेवणारी संगत, जमीनदार व बादशहा यांच्याशी झुंजलेला शेतकरी, एक भाषा आणि हौतात्म्याची एक स्मृती, या सर्वांचा तो वारस आहे. हा वारसा ईश्वरावरील श्रद्धा उडाली म्हणून हिरावून घेता येतो काय, हा खरा प्रश्न आहे.

भगतसिंगांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 1930 साली लाहोरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि त्यांच्या फाशीनंतर सप्टेंबर 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मी नास्तिक का आहे' या निबंधात त्यांनी आपला प्रवास सांगितला आहे. तरुणपणी ते केस-दाढी राखीत, परंतु शीख वा अन्य कोणत्याही धर्माच्या पुराणकथांवर व मतांवर त्यांचा विश्वास नव्हता. ईश्वरावर मात्र दृढ विश्वास होता. 1926 च्या अखेरीस तोही गेला. तेव्हा बाह्य चिन्हे होती त्या काळात धर्ममत नव्हते, आणि ईश्वर होता तोही त्या मतातून आलेला नव्हता. आज पंजाबात ज्या घरांत गुरूंची चित्रे आहेत त्याच घरांत भगतसिंगांचे चित्र लागते. ते लावताना कोणी रहित मर्यादा उघडून पाहत नाही. याच निबंधाचा तमिळ अनुवाद कॉम्रेड जीवानंदम यांनी पेरियारांच्या सांगण्यावरून केला, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना अटक केली.

गदर पक्षाचे पहिले अध्यक्ष बाबा सोहनसिंग भकना यांच्या पक्षात धर्म ही खाजगी बाब मानली जाई. हरकिशनसिंग सुरजीत यांनी अखेरपर्यंत पगडी बांधली आणि ते अखेरपर्यंत नास्तिक राहिले. त्यांना कोणी शीख नव्हे असे म्हटले असते तर खुद्द पंजाबी शेतकरीच हसला असता.

परंतु हा प्रश्न नेहमी हसण्यावारी गेला नाही. 'खरा शीख कोण' याचा निवाडा बंदुकीने करू पाहणाऱ्यांनी 25 सप्टेंबर 1986 रोजी कॉम्रेड दर्शनसिंग कॅनेडियन यांना ठार केले, आणि 23 मार्च 1988 रोजी, भगतसिंगांच्या हौतात्म्यदिनीच, कवी पाश यांना. ज्यांना शीख म्हणवून घेण्याचा हक्क नाकारण्यात आला ते धर्मांध हिंसेविरुद्ध उभे राहिलेले लोक होते.

बंदूक थांबली, तरी व्याख्या अरुंद करण्याचे काम थांबले नाही, आणि त्यात ईश्वराचा प्रश्न कोठेच नाही. दिल्लीच्या 1971 च्या कायद्याने केस न कापण्याची अट घातली. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने 2009 साली, समितीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या वादात, केस राखणे हे शीखत्वाचे आवश्यक अंग ठरविले. 2016 साली संसदेने सहजधारींचा, म्हणजे केस न राखणाऱ्या शिखांचा, समितीच्या निवडणुकीतील मताधिकार काढून घेतला. ईश्वर मनापासून मानणारा परंतु केस कापणारा गरीब शेतमजूर मतदारयादीबाहेर, आणि मनातून काहीच न मानणारा केसधारी धनिक यादीत! गुरुद्वाऱ्यांच्या उत्पन्नावर, शाळा-महाविद्यालयांवर व जमिनींवर ताबा कोणाचा राहावा, हेच या व्याख्यांमागील गणित आहे.

नांदेडलाही हेच गणित आले. 1708 मध्ये जेथे गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवला त्या हुजूरसाहेबाचा कारभार 1956 च्या कायद्याखाली चालत आला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळाच्या 17 पैकी 12 सदस्य सरकारनियुक्त करण्याचे ठरविले. शीख समाजाने विरोध केला तेव्हा सरकारला थांबावे लागले. तेव्हाही कोणी सदस्याच्या श्रद्धेची चौकशी केली नव्हती. महाराष्ट्रातील आपल्या साथींनी या प्रश्नावर दोन मागण्या एकत्र केल्या पाहिजेत : गुरुद्वाऱ्यांच्या कारभारात सरकारी नेमणुका नकोत, आणि स्वतःला शीख म्हणविणाऱ्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला, केसांची व श्रद्धेची तपासणी न करता, मत असावे.