आजोबा, फोन ठेवून द्या!

‘अगं आजी, ओटीपी कुणाला देऊ नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!’ हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं. म्हातारी माणसं फसतात कारण त्यांना मोबाइल कळत नाही, हा आपला लाडका समज. ‘डिजिटल अरेस्ट’ने तो पार मोडीत काढलाय.

2024 मध्ये वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी सात कोटींना गंडवलं. वय 82, आयुष्य उद्योगधंद्यात गेलेलं. त्यांच्यासाठी व्हिडीओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी भरवली गेली. अशा माणसाला पैशाचे व्यवहार कळत नव्हते असं कोण म्हणेल?

इथे ओटीपी मागतच नाहीत. तुमच्या आधारवर सिम घेतलंय, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मनी लॉन्डरिंगमध्ये तुमचं नाव आलंय, अशी सुरुवात होते. खाकी वर्दीतला ‘साहेब’ कॅमेरा बंद करू देत नाही. आणि मग येतं सगळ्यात घातक वाक्य: घरात कुणाला सांगू नका. ज्यांनी जन्मभर पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, अब्रूला जपलं, त्यांच्यावर ही धमकी हमखास चालते. ‘व्हेरिफिकेशन’साठी म्हणून ते स्वतःच बँकेत जाऊन एफडी मोडतात.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. कुठलाही पोलीस व्हिडीओ कॉलवर अटक करत नाही, की चौकशीसाठी पैसे भरायला लावत नाही. हे घरच्यांना सांगायलाच हवं. पण खरी मेख त्या ‘कुणाला सांगू नका’मध्ये आहे. साधं व्हॉट्सॲप स्टेटस कसं ठेवायचं विचारलं तरी आपण फोन हिसकावून घेतो, उसासे टाकतो. (खोटं वाटत असेल तर आईला विचारा.) मग खरंच घाबरवणारा फोन आला की ते आपल्याला कशाला सांगतील? भामटा त्यांच्याशी तासन् तास बोलतो. आपल्याला दहा मिनिटं नसतात.

तेव्हा या रविवारी आजोबांशेजारी बसा. यूपीआय आणि नेटबँकिंगची मर्यादा त्यांच्या संमतीने कमी करून घ्या. लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिक चलान म्हणून एपीके फाइल आली तर उघडायची नाही, हे दाखवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही. पोलीस, सीबीआय, कस्टम्स, कुणाचाही फोन आला तरी ‘नातवाशी बोलून सांगतो’ म्हणून ठेवून द्यायचा, असं ठरवून टाका. आणि तो फोन तुम्हाला आला की लेक्चर असो, मीटिंग असो, उचला.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर ‘तुम्हाला अक्कल नाही का’ ही चर्चा नंतर. आधी 1930 लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात. तक्रार जितकी लवकर, तितकी ते गोठवण्याची शक्यता जास्त.