नाक, भुवया आणि अर्धे वाक्य

इब्न बतूताविषयीचा हा धागा बराच लांबणार आहे. सवडीने वाचावा आणि मधलेच एखादे वाक्य उचलून पुढे पाठवू नये, ही विनंती. असे का म्हणते, ते पुढे कळेलच.

सुटीत पुसदला आले होते. इथल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका धाकट्या मित्राने मोबाईल पुढे केला. पडद्यावर देवगिरीचा किल्ला, त्यावर सोनेरी अक्षरे : महाराष्ट्रातील स्त्रियांचे सौंदर्य, विशेषतः त्यांचे नाक आणि भुवया, यांची स्तुती चौदाव्या शतकातल्या एका जगप्रवाशाने केली आहे. खाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग. "ताई, हे खरंच लिहिलंय का त्याने?" त्याने विचारले.

लिहिले आहे. पण वाक्य तिथे संपत नाही.

आधी माणूस कोण, ते थोडक्यात. अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्न बतूता. जन्म १३०४, मोरोक्कोतील तांजियर. घराणे काझींचे. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजला म्हणून निघाला आणि मायदेशी खऱ्या अर्थाने स्थिरावला तो १३५४ च्या सुमारास. दरम्यान लाखाहून अधिक किलोमीटरची वाटचाल झाली. १३३३ च्या सप्टेंबरात तो सिंधू नदीवर पोहोचला. मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमले, वर्षाला बारा हजार चांदीचे दिनार पगार ठरवला. पुढे सुलतानाची मर्जी खप्पा होऊन जिवावर बेतले, मग पुन्हा मर्जी बसली, आणि त्याच सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले. १३४२ च्या जुलैत हा काफिला दिल्लीहून निघाला. ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करीत तो दौलताबादेस आला. तेथून नंदुरबार, मग खंबायत आणि पुढे जहाजाने गोवा, होनावर, कालिकत. म्हणजे आमचे वऱ्हाड त्याने पाहिलेच नाही. पूस नदीच्या काठी बसून मी हे लिहिते आहे खरी, पण या मंडळींची वाट इथून पुष्कळ पश्चिमेला होती. उगाच ओढून ताणून त्याला वऱ्हाडात आणण्याची गरज नाही.

या काफिल्याबरोबर काय होते, ते लक्षात ठेवा. चीनच्या बादशहासाठी सुलतानाने दिलेल्या नजराण्यात शंभर उमदे घोडे होते, शंभर गुलाम होते, बाराशे कापडे होती, आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या शंभर हिंदू मुली होत्या. या सगळ्यांची नोंद एकाच यादीत आहे.

आता दौलताबाद. इब्न बतूताला हे शहर थेट दिल्लीच्या तोडीचे वाटले. त्याने त्याचे तीन भाग सांगितले आहेत : सुलतानाचे व सैन्याचे दौलताबाद, दुसरा भाग कटक, आणि तिसरा तो अजिंक्य किल्ला, ज्याला तो 'द्वैगीर' म्हणतो. या एका शब्दात देवगिरी अजून जिवंत आहे. राजधानी हलवून पंधरा वर्षे झाली होती, यादवांचे राज्य बुडूनही पंचवीस वर्षांच्या आसपास लोटली होती, तरी किल्ल्याचे जुने नाव लोकांच्या तोंडून त्याच्या कानावर पडतच होते.

किल्ल्याच्या तळघरांतील कैद्यांविषयी तो लिहितो की तिथले उंदीर मांजरांहून मोठे. हे त्याला खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराने सांगितले. तो स्वतः त्या खड्ड्यात कैद होता आणि रात्री उंदरांशी झुंजत असे. रत्नांच्या व्यापारात गबर झालेले हिंदू व्यापारी त्याला इजिप्तच्या बड्या व्यापाऱ्यांसारखे वाटतात. द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे तो आवर्जून नोंदवतो. आणि अगदी सहज सांगून जातो की या प्रांताचा महसूल एका हिंदू मक्तेदाराने सतरा कोटींना घेतला होता. रक्कम भरता आली नाही, तेव्हा त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याची कातडी सोलण्यात आली. द्राक्षांची नोंद आणि ही नोंद करताना त्याचा स्वर बदलत नाही.

तिथल्या गायकांच्या बाजाराचे वर्णन मात्र मन लावून केलेले आहे. दुकानात गालिचे अंथरलेले, मधोमध मोठ्या पाळण्यासारखा झोपाळा, त्यावर दागिन्यांनी मढलेली गायिका बसलेली किंवा पहुडलेली, आणि तिच्या दासी झोका देत आहेत. बाजाराच्या मध्यभागी एक घुमट. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा प्रमुख तिथे बसतो आणि एकेक ताफा येऊन गातो. याच बाजारात मशिदीही आहेत आणि रमजानात त्यांत तरावीहची नमाज होते. मला हा परिच्छेद फार आवडतो. धर्म आणि करमणूक यांच्यामध्ये आपण आज ज्या भिंती गृहीत धरतो, त्या तिथे दिसत नाहीत, आणि त्याचे काझी असलेल्या या गृहस्थालाही काही वाटत नाही.

आता त्या वाक्याकडे येऊ. तो म्हणतो, दौलताबाद प्रांताचे लोक 'मरहटा' आहेत. त्यांच्या स्त्रियांना ईश्वराने विशेष सौंदर्य दिले आहे, विशेषतः नाक आणि भुवयांचे. आपली चित्रे इथवर येऊन थांबतात. मूळ मजकूर पुढे जातो आणि या स्त्रिया शय्यासुखात कशा निपुण असतात, ते सांगतो. स्वल्पविरामाच्या अलीकडचे आपण घेतले, पलीकडचे कात्रीने उडवले.

यावर कोणी म्हणेल, जुन्या काळची माणसे, असे लिहायचीच. खरे आहे. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे : त्याला हे कळले कसे? रस्त्याने जाणाऱ्या परक्या वकिलाला मराठी घरांतील स्त्रिया भुवयांपर्यंत न्याहाळायला कुठून मिळाल्या? याचे उत्तर त्याच्याच ग्रंथात आहे, फक्त ते दौलताबादच्या पानावर नाही.

कालिकतला वादळात जहाजे बुडाली, चीनचा नजराणा समुद्रात गेला, आणि इब्न बतूता रिकाम्या हाताने किनाऱ्यावर उरला. तो होनावरच्या सुलतान जमालुद्दीनकडे परतला. या सुलतानाने बावन्न जहाजे घेऊन सांदापूरवर, म्हणजे आपल्या गोव्यावर, स्वारी केली. प्रवासी महाशय तीत स्वतः सामील झाले. गोवे पडले. लुटीतून सुलतानाने त्याला एक स्त्री दिली. तिचे नाव लेमकी. त्याने ते बदलून मुबारका ठेवले. तो पुढे लिहितो की तिचा नवरा खंडणी भरून तिला सोडवू पाहत होता, पण मी नकार दिला.

एवढेच. एका ओळीचा मजकूर. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. गोव्याचे वर्णन करताना याच माणसाने किती बारकाईने लिहिले आहे : बेटावर छत्तीस गावे, भोवती खाडी, ओहोटीला पाणी गोड आणि भरतीला खारे. पाण्याची चव त्याने नोंदवली, नवऱ्याचे नाव नोंदवले नाही. पण तो नवरा आला होता, पैसे गोळा करून आला होता, हे मात्र त्याच्या लेखणीतून निसटून राहिलेच.

तिथून तो मालदीवला गेला. तिथे त्याला पुन्हा काझीपद मिळाले. राणी खदिजेच्या वजिराने त्याच्याकडे एक दासी पाठवली आणि निरोप दिला की ही पसंत नसेल तर मरहटा मुलगी पाठवतो. इब्न बतूता लिहितो, मला मरहटा मुली आवडत, म्हणून मी तीच मागितली. ती आली. तिचे नाव गुलिस्तान. तिला फार्सी येत होती, आणि बेटांची भाषा येत नसलेल्या त्याला तिच्याशी बोलता येत होते.

दौलताबादच्या पानावरील नाक आणि भुवया आता या पानाशेजारी ठेवून वाचा. ती स्तुती पाहुण्याने यजमानाच्या लेकीसुनांची केलेली स्तुती नव्हे. गिऱ्हाइकाने मालाविषयी दिलेले ते मत आहे. दख्खनच्या बाजारात जशी डाळिंबे, तशा मुली. आणि आपण सातशे वर्षांनी ते मत चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतो!

गुलिस्तान हे काही मराठी आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. लेमकीची मुबारका कशी झाली हे आपण पाहिलेच. ही मुलगी कोणत्या गावची, तिला कोणी विकले, फार्सी तिने कोणाच्या घरात राबताना शिकली, हे तो सांगत नाही. पण मराठी मुलखातून मालदीवपर्यंतचा प्रवास तिनेही केलाच होता. शाळेच्या पुस्तकात 'मध्ययुगीन प्रवासी' म्हटले की आपल्याला दाढीवाला, हातात काठी घेतलेला पुरुष आठवतो. त्याच वाटांवर त्याच्या मागे-पुढे चाललेल्यांची संख्या केवढी असेल!

इथे काही मित्र लगेच सरसावतील, म्हणून आधीच सांगते. हा धागा एका धर्माच्या नावाने खडे फोडण्यासाठी नाही. चीनच्या बादशहानेही तुघलकाला शंभर गुलाम स्त्रीपुरुष आधी पाठवले होते, त्याचीच ती परतफेड होती. माणूस भेट म्हणून देणे हा तेव्हाच्या दरबारांचा शिष्टाचार होता. इब्न बतूता त्या शिष्टाचारातला, कायदा शिकलेला, आपल्या दृष्टीने नेकीने वागणारा माणूस होता. तो राक्षस असता तर त्याला बाजूला सारणे सोपे गेले असते.

दुसरीकडचा आक्षेपही ठाऊक आहे : तो थापाड्या होता, त्याचे कशाला ऐकायचे? त्याने हा ग्रंथ टिपणे समोर ठेवून लिहिलेला नाही. मलबारच्या किनाऱ्यावर चाच्यांनी त्याला नेसत्या विजारीनिशी सोडले होते. पुढे फेझच्या सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून त्याने आठवेल ते सांगितले, इब्न जुझय्यने ते शब्दबद्ध केले, आणि १३५५ च्या डिसेंबरात काम पुरे झाले. काही वर्णने जुन्या ग्रंथांतून घेतलेली आहेत. दिल्ली ओस पाडताना आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत नेले आणि त्याचा फक्त पाय पोहोचला, ही प्रसिद्ध कथाही तो भारतात येण्याच्या कितीतरी आधीची, म्हणजे ऐकीव आहे. हे सगळे मान्य. पण माणूस थापा मारतो त्या स्वतःला मोठे करण्यासाठी. खंडणी घेऊन आलेल्या नवऱ्याला परत पाठवल्याने कोणाचा मोठेपणा वाढतो? जिथे सांगणाऱ्याला काहीच विशेष वाटत नाही, तिथे त्याच्यावर विश्वास ठेवायला मी अधिक राजी असते.

आता 'मरहटा' या शब्दाविषयी, कारण यावरूनही भांडणे होतात. नंदुरबारच्या वर्णनात तो म्हणतो की हे लहान शहर मरहट्यांचे आहे. हे लोक कारागिरीत कुशल, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. आणि मरहट्यांतील श्रेष्ठ म्हणजे ब्राह्मण व क्षत्रिय. त्यांचे जेवण भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जेवणाआधी स्नान. सात पिढ्यांच्या आत सोयरीक नाही. मद्य हा सर्वांत मोठा दोष. तेव्हा या माणसाच्या तोंडी 'मरहटा' हे मुलखाचे, लोकांचे नाव आहे. एका जातीचे नव्हे. आजचा अर्थ त्यात कोंबून कोणी या पानाचे छायाचित्र फिरवत असेल, तर नंदुरबारचा संपूर्ण परिच्छेद त्याला दाखवावा. भात-भाजी-तीळतेल हे वर्णन सगळ्या मरहट्यांना लागू होते की त्याला जेवताना दिसलेल्या वरच्या थरालाच, हा मात्र विचार करण्याजोगा मुद्दा आहे. खानदेशातला शेतमजूर रोज भात खात असेल, हे मला काही पटत नाही.

आणि आपल्या आजीपणजींविषयी अभिमान वाटायला साक्षीदारच हवा असेल, तर तो तांजियरहून कशाला बोलवायचा? इब्न बतूतापूर्वी सुमारे साठ-सत्तर वर्षे, याच यादवांच्या मुलखात, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात महदाइसा आहे. ती चक्रधरस्वामींना प्रश्न विचारते, उत्तर पटेपर्यंत पुन्हा विचारते, आणि तिचे 'धवळे' मराठीतील आद्य काव्यरचनांपैकी एक मानले जातात. महानुभावांचे रिद्धपूर आमच्याच वऱ्हाडात, आणि त्यांना पवित्र असलेले माहूर तर पुसदपासून जवळच. त्या ग्रंथातल्या बायकांना नावे आहेत, गावे आहेत, रुसवेफुगवे आहेत. त्यांच्या भुवया कशा होत्या, ते मात्र मला आठवत नाही.

अभ्यासिकेतल्या मित्राला मी ही दोन्ही पाने वाचून दाखवली. महदी हुसेन यांचा इंग्रजी अनुवाद १९५३ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाला आहे. भारत, मालदीव आणि सिंहल हा सगळा भाग त्यात एकत्र मिळतो, म्हणून ही पाने शेजारी ठेवून वाचणे सोपे जाते. त्याने ते चित्र काढून टाकले नाही. पण बराच वेळ गप्प राहून विचारले, "मग त्या नवऱ्याचं काय झालं?"