दावणीचा म्हातारा बैल आणि दुसऱ्याचे पुण्य



गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हटकून निघतो. म्हातारा बैल विकला तर पाप लागते का? विचारणारा दबक्या आवाजात विचारतो आणि बाकीचे खाली पाहतात. आम्ही आजवर या प्रश्नाला हिशेबाचे उत्तर देत आलो. हिशेब बरोबरच आहे. पण प्रश्न पापाचा असेल तर उत्तरही पापपुण्याच्याच भाषेत द्यायला हवे.

आधी एक गोष्ट कबूल करू. शेती हा जीव मारण्याचाही धंदा आहे. नांगराच्या तासात किडेमुंग्या चिरडतात. कपाशीवरच्या फवारणीत बोंडअळीबरोबर तिला खाणारे ढालकिडेही मरतात. शाकाहारी माणसाच्या भाकरीमागेही हे मरण असते. ते आपल्या हातून घडते, म्हणून खाणाऱ्याला दिसत नाही, इतकेच. तेव्हा 'कोणताच जीव मारायचा नाही' हा नियम पोट असलेल्या कोणालाही पाळता येणार नाही.

कृषी महाविद्यालयात आम्ही एक गोष्ट शिकलो. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडल्याशिवाय गुलाबी बोंडअळीवर फवारणी करू नये. शास्त्राने हा नियम पैसा वाचवण्यासाठी काढला, पण आम्हाला त्यात नीतीही दिसते. गरजेशिवाय मारू नका, आणि मारावे लागले तर गरजेपुरतेच.

मग अळी आणि बैल सारखेच का? नाही. बैलाला भूक कळते, भीती कळते, धन्याची हाक कळते. दहा-बारा वर्षे त्याने आपल्यासाठी मान घासलेली असते. म्हणूनच दुसऱ्याच्या हाती कासरा देताना शेतकरी तोंड फिरवतो. बैलाचा जीव मोठा आहे, हे त्याला कोणी शिकवायला नको. पण जीव मोठा मानला की दोन कर्तव्ये येतात. त्याचे हाल होऊ द्यायचे नाहीत, आणि तो जगलाच पाहिजे असे जो म्हणतो त्याने त्याला पोसायचे.

कायद्याने यातले एकही पाळलेले नाही. १९७६च्या कायद्याने राज्यात गोहत्येला बंदी केली. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती मार्च २०१५मध्ये अमलात आली आणि बैल व वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. म्हैस मात्र बंदीत नाही. वेदना तर म्हशीलाही होतात. म्हणजे इथे जिवाचे मोल वेदनेवरून ठरलेले नाही, श्रद्धेवरून ठरले आहे. श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण श्रद्धा ज्याची, वैरणही त्याचीच असली पाहिजे.

बैलाला रोज आठ किलो कोरडी वैरण धरली तरी वर्षाला जवळजवळ तीन टन होतात. पाच वर्षे बसून खाल्ले तर पंधरा टन. दुष्काळी साली हा कडबा दुभत्या गाईच्या आणि वासराच्या तोंडचाच काढावा लागतो. मग काय होते ते आपण सारे जाणतो. जनावर अर्धपोटी राहते, एका रात्री दावे सुटते, आणि ते रस्त्यावर प्लॅस्टिक खात नाही तर दुसऱ्याच्या पिकात काठ्या खात मरते. एका घावाचे मरण पाप आणि सहा महिन्यांची उपासमार पुण्य, हा न्याय आम्हाला समजत नाही.

२०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातला गोवंश सुमारे १५५ लाखांवरून १४० लाखांवर आला. म्हशी जवळपास तेवढ्याच राहिल्या. दुष्काळ, ट्रॅक्टर ही कारणेही यात आहेतच. पण जे विकता येत नाही ते कोणी पाळत नाही, हेही खरे.

आणि माणसाच्या जिवाचे काय? जून २०२३मध्ये एकट्या नाशिक जिल्ह्यात, गोवंशाच्या किंवा गोमांसाच्या वाहतुकीच्या संशयावरून जमावाने केलेल्या मारहाणीच्या दोन घटनांत दोन माणसे मेली. जीव वाचवण्याच्या नावाने जीव घेणाऱ्यांनी आपल्याला दया शिकवू नये.

आता आपली चूक. ट्रकमध्ये जनावरे कोंबून भरतात, त्यांचे पाय मोडतात, वाटेत पाणी मिळत नाही. आपण नोटा मोजतो आणि पुढचे विचारत नाही. विकण्याचा हक्क मागायचा तर ही नजर चुकवणे सोडले पाहिजे. पाप असलेच तर ते विकण्यात नाही, हालांकडे पाठ फिरवण्यात आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, भाकड जनावराचे काय करायचे ते त्याला पोसणाऱ्याने ठरवावे, बंदी उठवा. दोन, बंदी असेतोवर सरकारने वैरणीचा खर्च द्यावा. २०२४ साली सरकारने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये जाहीर केले. म्हणजे जगवायला पैसा लागतो हे सरकारलाही मान्य आहे. मग तेवढेच आपल्या दावणीच्या म्हाताऱ्या बैलाला का नाहीत? ही सबसिडी नव्हे, नुकसानभरपाई आहे. तीन, जनावरे कोंबून नेणाऱ्याला आपल्या गावातून जनावर द्यायचे नाही, असा ठराव आपणच करावा.

पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत, त्यासाठी लढू. तिसरी आपल्या हातात आहे. ती उद्याच्या बाजारापासून सुरू करू.