माळवद, पिंपळ आणि वारसदार

पावसाळा तोंडावर आला की महापालिकेच्या नोटिसा निघतात. सोलापुरातला कसब्याकडचा किंवा बाळीवेशीतला एखादा जुना वाडा घ्या. माळवदाची माती गळतेय, भिंतीतला पिंपळ मनगटाएवढा झालाय आणि गंजक्या कुलपाशेजारी महापालिका कायद्याच्या कलम २६४ची नोटीस: धोकादायक भाग उतरवून घ्या. वाचणार कोण? सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबाच, नातवंडं पुण्यात नि परदेशात. मालक हलला नाही तर पालिका पाडकाम करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. भाडेकरू नि हिस्सेदारांचा तंटा मात्र तिथेच राहतो. घर पडलं की भाडेकरू आपोआप सुटला, हा घरमालकांचा लाडका समज सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच खोडून काढला. इमारत गेली तरी जमीन उरते, तिच्यावरचा भाडेहक्कही उरतो. म्हणजे वाडा मुद्दाम कुजवणाऱ्यांचा (असतात असे!) डाव वाया. खरी मेख हिस्सेदारांत असते. त्यावर १८९३चा वाटणीविषयक कायदा आजही उपयोगी पडतो: वाटणी व्यवहार्य नसेल, तर निम्मा किंवा अधिक हिस्सा असलेल्यांच्या विनंतीवरून न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं, मात्र इतरांना विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीत घेण्याची मुभा आहे. तेव्हा परगावच्या सोलापूरकरांनो, यंदा सुट्टीत आलात की हुरडा-चटणीआधी वारसनोंदीचा अर्ज देऊन टाका.