श्रमाची पूजा आणि मजुरीचा हिशेब

उत्पादकता घटली की व्यवस्थापनशास्त्राच्या पंडितांना अलीकडे गीता आठवते. निष्काम कर्माचा बोध झाला, कामाला पूजा मानले, की कामचुकारपणा आपोआप नाहीसा होतो, असा सिद्धांत शिबिरांतून मांडला जातो. फळाची आशा सोडण्याचा हा उपदेश पगार घेणाऱ्याला. लाभांश घेणाऱ्याला तो कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या विषयावर बोलण्याचा रायगड जिल्ह्याला विशेष अधिकार आहे. विनोबा १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मले, पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात. दोघांनीही गीतेच्या आधारे श्रमाला भक्तीचे स्थान दिले. शास्त्रीजींच्या योगेश्वर कृषीत लोक पाळीपाळीने राबतात, पण पीक कोणा मालकाच्या घरी जात नाही. विनोबांनी तर नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगतो का, हे स्वतः तासन्‌तास कातून तपासले. गांधीजींनीही १९३५ मध्ये चरखा संघाकडे कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचा आग्रह धरला. श्रमाला पूजा म्हणणाऱ्यांनी मजुरीचा हिशेब आधी मांडला होता, हे शिबिरांत कधी सांगितले जात नाही.

श्रद्धेचा कामावर परिणाम होतच नाही, असे म्हणण्याचा करंटेपणा समाजवाद्यांनी करू नये. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात पाहावा. ती तन्मयता केवळ रोजंदारीच्या धाकाने येत नाही. परंतु मूर्तीला पॉलिश पेपर घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात जाणारी धूळ श्रद्धेने थांबत नाही, आणि हंगाम संपल्यावर तिची चूलही श्रद्धेने पेटत नाही. कारखान्यांतून खंडेनवमीला यंत्रांना हार घालतात. चाल सुंदर आहे. धाटावच्या रासायनिक वसाहतीत त्याच दिवशी कंत्राटी कामगाराच्या मुखवट्याची आणि भविष्यनिर्वाह निधीचीही विचारपूस व्हावी, इतकेच आमचे म्हणणे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. कंत्राटदाराच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही उमगावे!

पेण-रोह्यातील कार्यकर्त्यांनी व्यवस्थापनाच्या पुढील प्रवचनाला अवश्य जावे. पहिल्या रांगेत बसावे, शांतपणे ऐकावे, आणि शेवटी वक्त्याला बाराव्या तासाचा दर विचारावा.